शेवटचं पाणी

सुगाको : आधी आत या, इतोएताई. दारात उभं राहून कसले आभार मानता? पडदा डोक्यावर आलाय, नव्या नवरीसारख्या दिसताय.

इतोए : नको गं. तुझी उघडायची वेळ झाली. हा डबा घे, की मी चालले.

सुगाको : तीन वाजायला अवकाश आहे अजून. अगंबाई, केवढा जड! काय आणलंत?

इतोए : लाल भात. अझुकीचे लाल दाणे घालून केलाय. तीळमीठ वेगळं बांधलंय, वरून घाल.

सुगाको : लाल भात? अहो, कोणाचं बारसं आहे की लग्न? आज आमचं हे गावचं न्हाणीघर कायमचं बंद होतंय. बॉयलर गळतोय, यांचे गुडघे कुरकुरतायत, दोघांनी मिळून हात टेकले. अशा घरी कोणी लाल भात घेऊन येतं का? गल्लीत कळलं तर म्हणतील, इतोएला आनंदाच्या उकळ्या फुटल्यात.

इतोए : म्हणू देत. भात तुला नाहीच मुळी. तुझ्या सासूबाईंना आहे. त्यांच्या फोटोपुढे ठेव, मग तू खा.

सुगाको : सासूबाईंना? त्यांना जाऊन किती वर्षं झाली.

इतोए : म्हणून काय झालं? त्यांनी मला एकदा करून घातला होता. मी कधी उलटून केला नाही. आज नाही केला तर मग कधी करणार?

सुगाको : त्यांनी कधी केला? मला नाही बाई आठवत.

इतोए : तू तेव्हा या घरात आलीही नव्हतीस. मी सोळा वर्षांची होते. सांगू? हसशील.

सुगाको : आत या, दार ओढून घेते. हसले तर हसले. या उंच बैठकीवर बसून मी जन्मभर लोकांचे कपडेच तर सांभाळलेत. हसायला तेवढंच मिळतं.

इतोए : हिरोशिमात ती पिका झाली, तो अणुबाँब पडला, तेव्हा मी तेरा वर्षांची. आम्हा शाळेच्या मुलींना घरं पाडायला नेलं होतं ना, विमानं आली तर आग पसरू नये म्हणून. मी पाठमोरी होते, म्हणून तोंड वाचलं. पाठ गेली. आई, बाबा, घर, सगळंच गेलं आणि मी इथे मामीकडे आले. पुढे बरोबरीच्या मुलींना जे येतं ते मला काही येईना. एक वर्ष गेलं, दोन गेली. डॉक्टर म्हणाले, पिकातल्या मुलींचं काही सांगता येत नाही. मामी शेजारी सांगायची, पोरगी आतून जळालीय.

सुगाको : तोंडाला हाड नव्हतं तिच्या.

इतोए : वाईट नव्हती गं. घाबरायची. आणि एका रात्री इथे न्हायला आले, कपडे काढले, तर रक्त. मी त्या फळीवर बसूनच राहिले. मला वाटलं, आली माझी पाळी.

सुगाको : आलीच होती की!

इतोए : मरायची पाळी गं! माझ्या वर्गातल्या मुली तशाच गेल्या होत्या. वरून धडधाकट, आणि एक दिवस हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, की आठ दिवसांत खेळ खलास. मी म्हटलं, माझंही आलं. तुझ्या सासूबाई, माझ्या तोमीमावशी, धावत आल्या. बघितलं आणि हसायलाच लागल्या. हसता हसता खाली बसल्या आणि रडल्या. म्हणाल्या, 'अगं वेडे, हे मरायचं नाही, जगायचं आहे.' दुसऱ्या दिवशी न्हाऊन निघाले तर हातात गरम डबा. लाल भात. तांदूळ मोजून मिळायचे तेव्हा. त्यांनी आणले कुठून देव जाणे.

सुगाको : सासूबाईंनी हे कधी सांगितलं नाही मला.

इतोए : बघ, हसली नाहीस.

सुगाको : पोरगी न्हाती झाली की आईनं करायचा असतो तो.

इतोए : आईनंच केला, असं मी धरून चाललेय.

सुगाको : थांबा, डोळे पुसू दे. आणि आता माझंही एक ऐका. आज न्हाऊन जा.

इतोए : रात्री येतेच की. नेहमीसारखी, सगळ्या गेल्यावर.

सुगाको : आज रात्र नाही. सहा वाजता पुजारी येणार. भट्टीची शेवटची पूजा करून आग विझवायची. त्यानंतर थेंबभर पाणी तापणार नाही. न्हायचं तर आत्ता, दार उघडताना, सगळ्यांबरोबर. नाहीतर राहिलं.

इतोए : मग राहिलं. घरी आहे माझा छोटा टब.

सुगाको : घरी टब आहे आणि तरी रोज रात्री गल्ली चढून येता? कशाला?

इतोए : त्यात पाय लांब होत नाहीत.

सुगाको : आणि?

इतोए : आणि पाठ चोळायला कोणी नाही. आधी मावशी चोळायच्या, मग तू. तेवढ्यासाठी मी चढण काय, डोंगर चढले असते.

सुगाको : मग आज दिवसाउजेडी चोळते. काय बिघडलं?

इतोए : तुला माहीत नाही, सुगाको. एकदा मी गेले होते सगळ्यांत. मामीबरोबर, आल्या आल्या. अंग धुतलं, पंचा घडी करून डोक्यावर ठेवला, रीतसर हौदात उतरले. एक उठली. मग दुसरी, मग लेकराला कडेवर घेऊन तिसरी. पाण्याचा आवाज तेवढा. बघता बघता एवढ्या मोठ्या हौदात मी आणि मामी. मग मामीही उठली.

सुगाको : लागण होते म्हणायचे तेव्हा लोक.

इतोए : लागण होते म्हणायचे, पोरं वाकडी होतील म्हणायचे. माझी स्थळंसुद्धा या गल्लीत चौकशीला आली आणि गल्लीतूनच परत गेली. मला त्या बायकांचा राग नाही. पण तो पाण्याचा आवाज अजून कानात आहे.

सुगाको : आता कोणी उठून जाणार नाही.

इतोए : उठणार नाहीत. बघणार तर आहेत.

सुगाको : बघतील. मग त्यांचं बघून होईल.

इतोए : तुझ्या सासूबाईंनी मला कधी असा आग्रह केला नाही. मी न्हायला यायची बंद झाले तर दुसऱ्याच दिवशी मामीच्या दारात हजर. म्हणाल्या, 'रात्री बंद केल्यावर हौदात पाणी उरतं. वाहूनच जातं. पोरीला पाठवा, तेवढंच सत्कारणी लागेल.' मी आले, तर दारातच थिजले. त्या हौदाच्या काठावर बसून पाण्यात हात घालून म्हणाल्या, 'ये. पाणी छान आहे.' एवढंच. पाठीकडे बघितलं नाही, बघायचं टाळलंही नाही.

सुगाको : असं म्हणाल्या? उरलेलं पाणी?

इतोए : हो. आणि मला त्याचंच समाधान आहे. जन्मभर कोणावर ओझं झाले नाही. वाहून जाणारं पाणी घेतलं, एवढंच. आणि तुला एक गंमत सांगू? शंभर बायका न्हाऊन गेल्या तरी पाणी कसं नितळ! एक केस तरंगताना दिसायचा नाही. मी मामीला म्हणायचे, आपल्या गावच्या बायका स्वच्छ आहेत हो, घासूनपुसून मगच हौदात उतरतात. आणि मनात म्हणायचे, मागून येणाऱ्यासाठी ज्या एवढं चांगलं पाणी ठेवतात त्या वाईट कशा असतील? त्या पाण्याकडे बघून मी त्यांना माफ करून टाकलं.

सुगाको : अगंबाई गं! इतोएताई!

इतोए : हसतेस काय?

सुगाको : ती कात्सुयो मासेवाली न्हाऊन गेली की हौदात खवले तरंगतात हो! उन्हाळ्यात तर रात्रीपर्यंत पाण्याची पेज होते. तुम्ही म्हणे माफ करून टाकलं!

इतोए : मग नितळ कसं असायचं?

सुगाको : आता सांगायला हरकत नाही. न्हाणीघर चालू आहे तोवर तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. आज बंद होतंय, तर मी मोकळी झाले. ताई, उरलेलं पाणी नव्हतं ते. शेवटची बाई गेली की सासूबाई हौद रिकामा करायच्या, काथ्याने घासायच्या आणि पुन्हा भरायच्या. पुन्हा भट्टी पेटवायची. होड्यांच्या कारखान्यातून भुसा आणायचा त्यासाठी, मागच्या वाटेनं, हातगाडीवर.

इतोए : रोज?

सुगाको : रोज. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, तुमची कातडी पुन्हा पुन्हा उलते, मळक्या पाण्यात पोरगी टिकायची नाही. मी लग्न होऊन आले, तर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात काथ्या दिला. 'या घरात हौद दिवसातून दोनदा भरतो. का ते विचारायचं नाही.' थंडीत बोटं फुटायची माझी. मला वाटलं, सासू वेडी आहे. मग तुम्हाला बघितलं. खरं सांगू? आधी तुम्हालाच शिव्या घातल्या. म्हटलं, ही कोण महाराणी लागून गेली?

इतोए : तू कधी जाणवू दिलं नाहीस.

सुगाको : तुमची पाठ चोळायला लागले ना, मग शिव्या आपोआप थांबल्या.

इतोए : मला का नाही सांगितलं त्यांनी? मला कळलं असतं तर मी आले असते का?

सुगाको : म्हणूनच नाही सांगितलं.

इतोए : आणि मी! उरलंसुरलं घेते म्हणून ताठ मानेनं यायची. ते पहिलं पाणी होतं? पहिलं पाणी घरच्या कर्त्या माणसाचं असतं. आमच्या बाबांच्या आधी कोणी हौदात बोट बुडवत नसे.

सुगाको : त्या म्हणायच्या, 'हिला पहिलं म्हणून दिलं तर घेणार नाही. शेवटचं म्हणून दे.' बायकांना खडसावलं का नाही, असं मी विचारलं होतं त्यांना एकदा. तर म्हणाल्या, 'खडसावलं तर त्या मुकाट्याने बसतील आणि पोरीकडे बघत राहतील. मला पाणी तापवता येतं, तेवढं मी करते.'

इतोए : मी त्यांच्या अंत्यविधीला मागच्या रांगेत बसले होते गं. गिऱ्हाईक म्हणून. मला पुढे बसायला हवं होतं.

सुगाको : आज भात आणलात ना? आणि तोही माझ्याकडून हे ऐकायच्या आधी. त्यांना सगळं पोचलं.

इतोए : म्हणजे मी गावच्या बायकांना फुकटच माफ केलं.

सुगाको : परत घ्यायची का माफी?

इतोए : राहू दे आता. वापरलेली वस्तू परत कशी घेणार?

कात्सुयो : कसली वस्तू? आन् दार का लावलंया, मालकीण? आज शेवटचा दिवस हाय, पहिलं पाणी माजं! कवाधरनं बाहेर हुबी हाय म्या.

सुगाको : आलीस का? तुझंच नाव काढलं होतं. शंभर वर्षं जगशील.

कात्सुयो : नाव काढलं न्हाई, खवले काढले. पडद्याला कान असत्यात. आगं, ही तर शिवणवाली! माज्या सणाच्या कोटाला अस्तर लावलं व्हतंस तू. टाका दिसंल तर शप्पत. तू हितं कशी? तुला कदी न्हाणीघरात बघितलंच न्हाई.

इतोए : मी निघतेच आहे.

कात्सुयो : न न्हाताच? केस तर कोरडे हायेत.

इतोए : मी रात्री येते. यायची. सगळ्या गेल्यावर.

कात्सुयो : कशापायी?

सुगाको : सांगा ताई. नाहीतर ती विचारत विचारत तुमच्या घरापर्यंत येईल.

इतोए : माझी पाठ पिकात भाजलेली आहे. लोकांना बघवत नाही.

कात्सुयो : हां. तू ती व्हय? तोमीआजी रातच्याला भुसा आणायची. माजा बाप होड्यांच्या कारखान्यात व्हता, त्योच भरून द्यायचा. म्हनायचा, न्हाणीघरात कुनीतरी पाव्हनं हाय, त्याला गार चालत न्हाई. आमी पोरी म्हनायचो, राजवाड्यातलं कुनी आलं आसंल.

इतोए : तुमच्या वडिलांनासुद्धा माहीत होतं?

कात्सुयो : त्याला एवडंच ठावं व्हतं, की भुसा चांगला कोरडा द्यायचा. पन थांब. मालकीण, म्हंजी रातच्याला हौद पुन्ना भरायचीस? नवं पाणी?

सुगाको : हो.

कात्सुयो : आन् म्या हितं रोज तीनच्या आदीपास्नं पहिल्या पाण्यासाठी जीव टाकायची! समद्यांत नितळ पाणी हिलाच मिळायचं की!

इतोए : मला माहीत नव्हतं हो. आत्ताच कळलं.

कात्सुयो : आगं, भांडत न्हाई म्या. मजा वाटली. चल, काढ कापडं.

इतोए : नको. तुम्ही जा. तुमचं पहिलं पाणी आहे.

कात्सुयो : लाजतीस व्हय? हे बघ, हितं पित्ताशय काढलं, टाके बघ कसे घातल्यात, तुज्या हाताखाली चार दिवस शिकायला ठेवायला पायजे व्हता त्या डॉक्टरला. ह्यो गुडगा लोखंडाचा. रोज येनाऱ्यांत धड कोन हाय सांग. मालकीणबी खाली उतरली की कंबर धरती.

सुगाको : माझ्या कंबरेचं नाव काढायचं कारण नाही.

इतोए : माझ्यानंतर त्या पाण्यात कोणी उतरलेलं नाही. कधीच.

कात्सुयो : म्हंजी?

इतोए : मी उतरले की लोक उठायचे. पुढे मी रात्री यायची, मग पाणी सोडून द्यायचे. माझ्या मागून कोणी आलंच नाही. हे मला आत्ता कळतंय बघ.

कात्सुयो : मंग सोपं हाय की. आज तू पुडं हो. म्या मागनं येती.

इतोए : तुमचं पहिलं पाणी?

कात्सुयो : आगं, लई वर्सं घेतलं पहिलं पाणी. एक दिस दुसरं घेतलं म्हनून खवले झडत न्हाईत माजे.

सुगाको : जा ताई. डबा मी वर नेऊन ठेवते, सासूबाईंपुढे. आणि तीन वाजलेत, मला दार उघडायला लागेल. किती वेळ उभ्या राहाल?

इतोए : पंचा नाही आणलेला.

सुगाको : हा घ्या. आज नवाकोरा.

(आत, नळांसमोर. वरच्या खिडक्यांतून ऊन. दोन म्हाताऱ्या ठेंगण्या पाटांवर बसून अंग धूत आहेत.)

कात्सुयो : फीर इकडं. पाठ दे. जोरात चोळू का हळू?

इतोए : डावीकडे हळू, तिथे कळतं. मध्ये काहीच कळत नाही.

कात्सुयो : मंग मदी जोरात चोळती. तुला न्हाई कळलं तर मला कळंल.

इतोए : फार वाईट दिसतंय का उन्हात?

कात्सुयो : खोटं बोलू का खरं?

इतोए : खरं.

कात्सुयो : वाईट हाय. लई सोसलंस गं, बाई. पाणी टाकती, डोळं मीट.

इतोए : कात्सुयोबाई, ते भिंतीवरचं चित्र निळं आहे होय?

कात्सुयो : समुद्र हाय त्यो. निळा नसंल तर कसा आसंल?

इतोए : रात्री दिव्यात मला काळा दिसायचा. मला वाटायचं, काय हा रंगवणारा, वादळाचा समुद्र काढलाय न्हाणीघरात. होड्यासुद्धा आहेत की.

कात्सुयो : तीन हायेत. मदली माज्या बापाची म्हनायची म्या ल्हानपनी. ऊठ आता. सांबाळून, पायरी निसरडी हाय.

इतोए : हात धरा माझा.

कात्सुयो : धरलाय. उतर.

इतोए : हं. आई गं.

कात्सुयो : लई गरम हाय?

इतोए : नाही. अगदी तेवढंच आहे. मावशी ठेवायच्या तेवढंच.

कात्सुयो : मंग सरक जरा पलीकडं. म्या बी येती. आहाहा! बघ, आले का न्हाई तुज्या मागनं? बुडले का?

इतोए : नाही बुडलात.

कात्सुयो : रडतीस व्हय? रड. हितं कुनाला कळतंय, समदीच भिजल्याली.

इतोए : रडत नाही हो. मनातल्या मनात मावशींना सांगत होते, की मी दिवसा आलेय.

कात्सुयो : दार वाजलं. आल्या बग समद्या. शेवटचा दिस म्हनून गाव लोटलाय. एक लेकुरवाळी बी आलीया, पोराटोरांसकट. आगं ए, तितं दारात काय खांबावानी हुब्या ऱ्हायल्या? गार वारं आत येतंय!

इतोए : ओरडू नका त्यांना. बघू दे.

कात्सुयो : आगं, पन गप का झाल्या समद्या?

इतोए : थांबा, मी बोलते. या गं. पाणी छान आहे.